‘आता घरी न्या’ असं डॉक्टर सांगतात, त्यानंतर घरच्यांच्या मदतीला कोण येतं?

राहाता तालुक्यात मोठ्या दवाखान्यांची वानवा नाही. लोणीत प्रवरा ग्रामीण रुग्णालय आहे, शिर्डीत साईबाबा संस्थानची रुग्णालयं आहेत, राहात्यात सरकारी ग्रामीण रुग्णालय आहे. ऑपरेशनसाठी, हृदयाच्या उपचारांसाठी लांबलांबून पेशंट इथे येतात.

पण काही आजार असे असतात की एका टप्प्यावर डॉक्टर सांगतात, “आता इथे ठेवून उपयोग नाही. घरी न्या, सेवा करा.” शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर असेल, लकव्याने एक बाजू गेलेली असेल, किडनी निकामी झालेली असेल, नाहीतर वय ८५ आणि खुब्याचं हाड मोडलेलं. अँब्युलन्स वस्तीवर येते, चार माणसं पेशंटला उचलून पलंगावर ठेवतात आणि अँब्युलन्स निघून जाते.

त्या संध्याकाळपासून त्या घरातलं कुणीतरी एक माणूस नर्स होतं. बहुतेक वेळा ती बाई असते. बायको, सून किंवा माहेरी आलेली मुलगी. तिला लघवीची पिशवी कशी रिकामी करायची, हे कुणी शिकवलेलं नसतं. रात्री दोन वाजता पेशंट कळवळला तर काय करायचं, हे माहीत नसतं. आणि पहाटे गाईंची धार काढायची असतेच.

अशा घरांसाठी जगभरात एक व्यवस्था आहे. प्रशिक्षित नर्स घरी येते, तिच्याबरोबर किंवा तिच्यानंतर स्वयंसेवक येतात. ही व्यवस्था काय आहे, ती घरच्यांना नेमकी काय मदत करते, महाराष्ट्रात ती कुठपर्यंत पोहोचली आहे आणि राहात्यासारख्या तालुक्यात तिच्यासाठी कुणाचं दार ठोठवायचं, हे समजून घेऊ.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे काय?

या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत परिहार सेवा किंवा उपशामक सेवा. आजार पूर्ण बरा होणार नसेल, तरी त्याचा त्रास कमी करता येतो, हे तिचं सूत्र. वेदना, धाप, उलटी, बद्धकोष्ठता, जखमेचा वास, झोप न येणं, मनातली भीती, घरातले पैशांचे प्रश्न, हे सगळं या सेवेत येतं. आणि पेशंटबरोबर घरच्यांचाही विचार होतो.

यातली आधुनिक पद्धत लंडनमध्ये उभी राहिली. सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर शिकून डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. हॉस्पिस म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसांची काळजी घेणारी जागा. दोनच वर्षांत, १९६९ मध्ये, या संस्थेच्या नर्स पेशंटच्या घरी जाऊ लागल्या. कारण सरळ होतं. बहुतेकांना आपल्याच घरात राहायचं असतं.

भारतातलं पहिलं हॉस्पिस महाराष्ट्रातच सुरू झालं. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन उभं राहिलं. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे. तिथे कॅन्सरच्या पेशंटची मोफत काळजी घेतली जाते आणि घरच्यांनाही शुश्रूषा शिकवली जाते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात तर याचा स्वतंत्र विभाग आहे.

गरज किती मोठी आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज असते. प्रत्यक्षात ती मिळते सुमारे १४ टक्के लोकांना.

‘म्हणजे आता आशा सोडायची का?’

घरी नर्स येणार म्हटलं की घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो. लोक काय म्हणतील, हा दुसरा. ‘उपचार थांबवले’ असा ठपका मुलांवर बसेल अशी भीती असते.

पण ही सेवा फक्त शेवटच्या आठवड्यासाठी नाही. चालू उपचारांबरोबरही ती देता येते. अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात फुप्फुसाच्या पुढे गेलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवर एक अभ्यास झाला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीचे उपचार दिले, काहींना त्याबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर दिली. दुसऱ्या गटातल्या लोकांचं जगणं जास्त सुसह्य झालं, त्यांच्यात नैराश्य कमी आढळलं आणि ते सरासरी काही आठवडे जास्तही जगले.

म्हणजे ‘सेवा करा’ याचा अर्थ ‘काहीच करू नका’ असा होत नाही. करण्यासारखं खूप असतं, फक्त ते कुणीतरी दाखवून द्यावं लागतं.

घरी येणारी नर्स नेमकं काय करते?

बऱ्याच जणांना वाटतं, नर्स म्हणजे सलाईन लावणारी आणि इंजेक्शन देणारी. घरभेटीत हे काम फार थोडं असतं. तिचं मुख्य काम तीन भागांत होतं. पेशंटला तपासणं, त्रास कमी करणं आणि घरच्यांचे हात तयार करणं.

पाठीच्या जखमा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे बेडसोर. माकडहाड, खुबा, टाच, घोटा, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू इथे हाडाचा दाब कातडीवर पडतो आणि रक्तपुरवठा तुटतो. सुरुवात साध्या लाल डागाने होते. डाग बोटाने दाबल्यावर फिका पडत नसेल, तर तो इशारा समजायचा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून हात लावून बघायचं. आजूबाजूपेक्षा ती जागा गरम किंवा टणक लागते का? नर्स हे घरच्या बाईला हात धरून दाखवते. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. पेशंटला ओढायचं नाही, खाली चादर घालून दोघांनी उचलून सरकवायचं. लाल झालेल्या जागेवर जोरात चोळायचं नाही. हवेच्या गादीचा उपयोग होतो, पण गादी आणली म्हणून कूस बदलणं थांबवायचं नाही.

जेवण. झोपलेल्या माणसाच्या तोंडात चमच्याने पेज घालणं ही प्रेमाने केलेली सगळ्यात धोकादायक गोष्ट आहे. घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. आधी बसतं करायचं, हनुवटी थोडी खाली, छोटा घास, गिळल्याची खात्री झाल्यावर पुढचा. जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. नाकात नळी असेल तर प्रत्येक वेळी नळी जागेवर आहे का हे बघून, डोक्याकडची बाजू उंच करूनच पातळ अन्न सोडायचं.

लघवीची नळी. पिशवी कायम पेशंटच्या कमरेच्या खाली टांगलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. वर उचलली तर लघवी उलटी फिरते आणि जंतुसंसर्ग होतो. लघवी गढूळ झाली, वास आला, ताप आला किंवा पिशवीत येणंच थांबलं, तर फोन करायचा.

तोंड. पाणी पिणं कमी झालेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं, पांढरा थर बसतो, मग जेवण आणखी कमी होतं. ओल्या मऊ कापडाने दिवसातून अनेक वेळा तोंड पुसणं, ओठांना तूप किंवा व्हॅसलीन लावणं, एवढ्यानेही फरक पडतो.

धाप. पेशंटला उशांचा आधार देऊन अर्धवट बसतं करणं, खिडकी उघडणं, गर्दी हटवणं आणि चेहऱ्यावर येईल असा छोटा पंखा लावणं. चेहऱ्यावरच्या वाऱ्याने धाप लागल्याची भावना कमी होते, हे अभ्यासातही दिसलं आहे.

जखमेचा वास. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरची जखम उघडी पडली की वासामुळे नातवंडंसुद्धा खोलीत येत नाहीत. पेशंटला ते कळतं. हा वास डॉक्टरांच्या सल्ल्याने साध्या औषधाने आणि नीट ड्रेसिंगने बराच कमी करता येतो. पण घरच्यांना हे विचारायची लाज वाटते. घरात पाऊल टाकताच नर्सला ते कळतं, विचारावं लागत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात येईल. यातलं बहुतेक काम आठवड्यातून एकदा येणारी नर्स करत नाही, उरलेले सहा दिवस घरचं माणूसच करतं. नर्सची भेट तासाभराची असते, पण तिच्यामुळे त्या सहा दिवसांत काय करायचं आणि काय नाही, हे घरच्यांना कळलेलं असतं.

मॉर्फिन म्हटलं की भीती का वाटते?

कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये औषधांची शिडी सांगितली. आधी साधी वेदनाशामकं, मग मध्यम आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन. साधी मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची असते. ‘दुखल्यावर देऊ’ असं केलं की वेदना पुढे जाते आणि गोळी मागे पडते.

मॉर्फिनबद्दल घरात दोन समज असतात. एक, व्यसन लागेल. दुसरा, मॉर्फिन दिलं म्हणजे शेवट आला. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याची शक्यता फार कमी असते. आणि नीट दिलेलं मॉर्फिन मृत्यू जवळ आणत नाही, ते झोप आणि चार घास परत आणतं. त्याने बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध लागतंच. डोस स्वतःहून वाढवायचा नाही, अचानक बंद करायचा नाही, आणि गोळ्या कुलपात ठेवायच्या.

मॉर्फिन सगळीकडे का मिळत नाही, याला कायद्याचा इतिहास आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फिन ठेवायला एकाहून जास्त परवाने लागू लागले. कटकट नको म्हणून अनेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आता राज्याच्या औषध नियंत्रकांकडून ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ अशी मान्यता घेतलेलं रुग्णालय मॉर्फिन ठेवू आणि देऊ शकतं. म्हणून वेदना असलेल्या पेशंटच्या घरच्यांनी डिस्चार्ज घेतानाच विचारायला हवं, “तोंडाने घ्यायचं मॉर्फिन इथे मिळतं का? नसेल तर जवळ कुठे मिळेल?”

स्वयंसेवक काय करतात, आणि काय करत नाहीत?

स्वयंसेवक म्हणजे निवृत्त शिक्षक, दुकानदार, कॉलेजची मुलं, बचत गटातल्या बायका. त्यांना थोडं प्रशिक्षण दिलेलं असतं. आठवड्यातले दोन-तीन तास ते देतात.

ते पेशंटजवळ बसतात, म्हणजे घरची बाई दोन तास झोपू शकते, बँकेत जाऊ शकते, एखाद्या लग्नाला हजेरी लावू शकते. ते कागदपत्रं भरायला मदत करतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज, दिव्यांग प्रमाणपत्र, महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी, असली कामं घर सोडून जाता न येणाऱ्या माणसाला डोंगराएवढी वाटतात. आणि ते ऐकतात. घरच्या माणसाजवळ बोलता येत नाही असं पेशंट अनेकदा बाहेरच्या माणसाजवळ बोलतो. “माझ्यामागे हिचं काय होईल?” हा प्रश्न बायकोसमोर विचारता येत नाही.

ते काय करत नाहीत, हेही तितकंच महत्त्वाचं. औषध देत नाहीत, बदलत नाहीत. ‘अमक्याला त्या काढ्याने गुण आला’ असं सांगत नाहीत. ‘बरे व्हाल’ असं खोटं वचन देत नाहीत. आपला देव, आपला पक्ष, आपली दुकानदारी आणत नाहीत. पेशंटचे फोटो काढत नाहीत. घरातली गोष्ट गावात नेत नाहीत. गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, म्हणून हा शेवटचा नियम सगळ्यात कडक पाळावा लागतो.

केरळला जमलं, ते कसं?

या कामात देशात केरळ सगळ्यांच्या पुढे आहे. १९९३ मध्ये कोळिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये एक छोटी संस्था सुरू झाली. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार ही त्यातली प्रमुख नावं. काही वर्षांत त्यांच्या लक्षात आलं की पेशंट दवाखान्यापर्यंत पोहोचूच शकत नाही, पोहोचला तर एकदाच येतो. मग मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत गावागावात स्वयंसेवकांचे गट उभे राहिले. त्यांनीच वर्गणी काढली, नर्स नेमली, गाडी घेतली. कुठल्या घरी काय त्रास आहे, हे शोधण्याचं काम शेजाऱ्यांनी केलं.

२००८ मध्ये केरळ सरकारने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण आणलं, असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. त्यानंतर ग्रामपंचायतींनी आपल्या निधीतून घरभेटीसाठी नर्स ठेवायला सुरुवात केली. पंचायत पैसे देते, नर्स घरोघर जाते, डॉक्टर मागे उभा असतो आणि स्वयंसेवक सोबत असतात.

केरळपाठोपाठ महाराष्ट्रानेही राज्याचं धोरण केलं. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात सरकारी यंत्रणेतून पथदर्शी प्रकल्प राबवला गेला. केंद्र सरकारने २०१२ मध्ये राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम सुरू केला. पण महाराष्ट्रात हे काम अजून मुख्यतः मोठ्या शहरांतल्या संस्था आणि जिल्हा रुग्णालयं यांच्याभोवती आहे. गावाने ते आपलं मानलेलं नाही, हा मोठा फरक.

खरं तर आपल्या जिल्ह्याला ही कल्पना नवीन नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडमध्ये काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या अनेक जणी शाळेत गेलेल्या नव्हत्या. या कामासाठी आरोळे दाम्पत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांकडून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचं मॉडेल उभं केलं. बाळंतिणीच्या आणि बाळाच्या घरी आरोग्यसेविका जाते, हे आज आपल्याला सवयीचं वाटतं. आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाच्या घरीही कुणीतरी जावं, एवढंच आता करायचं आहे.

राहाता तालुक्यात कुणाला विचारायचं?

सुरुवात आशाताईपासून करा. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांचं रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत करायला सुरुवात झाली. आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथे द्यायच्या १२ प्रकारच्या सेवांमध्ये वृद्धांची काळजी आणि पॅलिएटिव्ह केअर यांचा समावेश आहे. म्हणजे ही मेहेरबानी नाही, कागदावर असलेली सेवा आहे.

आशाताई घरोघर जाऊन तिशीच्या पुढच्या माणसांचा एक फॉर्म भरतात. त्यात साठीच्या पुढच्यांसाठी असाही प्रश्न असतो की जेवण, कपडे, अंघोळ अशा रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का. घरात अंथरुणावर माणूस असेल तर ते उत्तर नीट भरलं गेलं आहे का, हे बघा. यादीत नाव नसेल तर घरभेट कुणाच्या नावाने होणार?

त्यानंतर उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे सीएचओ, मग प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, मग राहात्याचं ग्रामीण रुग्णालय आणि शेवटी अहिल्यानगरचं जिल्हा रुग्णालय. पेशंट ज्या रुग्णालयात होता, तिथल्या वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांनाही विचारा. मोठ्या रुग्णालयात हे पद असतं आणि बहुतेक नातेवाइकांना ते माहीतच नसतं.

अडचणीही सांगायला हव्यात. आशाताईंवर आधीच लसीकरण, बाळंतपणं, सर्वेक्षणं यांचा बोजा आहे. त्या आल्या नाहीत म्हणून त्यांच्यावर चिडण्याआधी हे लक्षात ठेवा. उसातून जाणाऱ्या वाटेवर, वस्तीवर संध्याकाळनंतर एकट्या बाईने जाणं सोपं नाही. घरभेट ठरली तर कुणीतरी रस्त्यापर्यंत घ्यायला जा.

ब्युरोतून पैसे देऊन माणूस ठेवत असाल तर एक फरक ओळखा. अंघोळ, कपडे, कूस बदलणं यासाठी येणारी मावशी किंवा मामा म्हणजे केअरटेकर. त्यांचं काम मोलाचं आहे, पण त्या नर्स नाहीत. इंजेक्शन देणं, नळी बदलणं हे काम नोंदणीकृत नर्सचं. ‘नर्स’ म्हणून कुणी येत असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी विचारायला संकोच करू नका.

सेवा करणाऱ्याची सेवा कोण करणार?

आपल्याकडे सेवा हे पुण्य मानलं जातं. म्हणून थकले म्हणणं पाप वाटतं. सून दमली म्हणाली की ‘आमच्या सासूचं आम्ही दहा वर्षं केलं’ हे ऐकवणारं कुणीतरी असतंच.

पण हे दमणं मोजता येतं. १९८० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी काळजी घेणाऱ्यांवरचा भार मोजणारी प्रश्नावली तयार केली. झॅरिट प्रश्नावली या नावाने ती जगभर वापरतात. स्वतःसाठी वेळ उरतो का, नातेवाइकावर राग येतो का, आणखी करायला हवं होतं असं वाटतं का, असे प्रश्न त्यात आहेत. म्हणजे राग येणं आणि त्याच वेळी अपराधी वाटणं हे इतक्या घरांत घडतं की त्याची प्रश्नावली करावी लागली.

ही लक्षणं दिसली तर लक्ष द्या. झोप मोडून मोडून लागते, स्वतःची बीपी-शुगरची गोळी चुकते, कंबर धरलेली असते, सतत रडू येतं किंवा काहीच वाटेनासं होतं, पेशंटवर हात उचलावासा वाटतो. शेवटचं लक्षण वाईटपणाचं नाही, मदत तातडीने हवी असल्याचं आहे. मन मोकळं करायला टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे.

घरात एक बैठक घ्या. पुण्यात, नाशिकला असलेल्या भावंडांना फोनवर घ्या. रात्रीची पाळी कुणाची, औषधांचा खर्च कुणाचा, महिन्यातला एक रविवार कोण येणार, हे बोलून ठरवा. जो पैसे पाठवतो त्याने सूचना पाठवू नयेत, जी उशाशी बसते तिचं आधी ऐकावं. नर्स घरी येते तेव्हा ही बैठक ती घडवून आणू शकते. बाहेरच्या माणसासमोर घरचे जरा नीट बोलतात.

शेवटचे दिवस जवळ आले तर?

हे वाचायला जड आहे, पण माहीत असलं तर घाबरगुंडी उडत नाही. शेवटच्या दिवसांत भूक जाते, झोप वाढते, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, श्वास अनियमित होतो, घशात घरघर होते. ही घरघर ऐकणाऱ्याला भयंकर वाटते, पेशंटला तिचा त्रास बहुधा जाणवत नसतो. एका कुशीवर वळवलं की ती कमी होते. या टप्प्यावर जबरदस्तीने खाऊ घालू नये. माणूस न खाल्ल्यामुळे जात नाही, जाण्याची वेळ आल्यामुळे खाणं थांबलेलं असतं. ओठ ओले ठेवा, हात धरा, बोला. ऐकण्याची शक्ती बराच वेळ टिकते असं मानलं जातं.

पुन्हा आयसीयूत न्यायचं की नाही, हे पेशंट शुद्धीवर असताना त्यालाच विचारलेलं बरं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशी इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येतं.

घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्या आणि २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत नोंद करा. त्या आठवड्यात हे कुणाला सुचत नाही, म्हणून शेजारच्या एखाद्याने हे काम अंगावर घ्यावं. चांगल्या घरभेट सेवेत नर्स किंवा स्वयंसेवक दहाव्या-तेराव्यानंतरही एकदा येऊन जातात. पेशंट गेला तरी सेवा करणारी बाई तिथेच असते, आणि महिनोन्‌महिने दर दोन तासांनी तिला जाग येत असते.

डिस्चार्जच्या दिवशी विचारायचे प्रश्न

हा भाग सेव्ह करून ठेवा.

१. घरी काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा सगळ्यात आधी काय करायचं?
२. कोणती गोळी कशासाठी? कोणती चुकली तर चालेल, कोणती नाही?
३. वेदना वाढली तर कोणतं औषध, कितीपर्यंत? मॉर्फिन मिळेल का?
४. नळी, पिशवी, ड्रेसिंग हे आत्ता आमच्या हाताने करून दाखवाल का?
५. रात्री फोन करायचा तर कोणत्या नंबरवर?
६. नळी कधी बदलायची आणि कोण बदलणार?
७. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला चिठ्ठी द्याल का?
८. कोणत्या वेळी परत आणायचं, आणि कोणत्या वेळी न आणलेलं बरं?

चौथा प्रश्न सोडू नका. ऐकलेलं विसरतं, हाताने केलेलं राहतं.

आणि तुमच्या घरात कुणी आजारी नसेल तर?

मग तुम्ही कुणाच्या तरी घरी भेटायला जाणार आहात. गावाकडे आजारी माणसाला भेटायला लोक खूप येतात, ही आपली चांगली बाजू. पण प्रत्येकाला चहा करताना घरची बाई उभीच राहते. भेटायला जाल तेव्हा चहा पिऊ नका, जमलं तर करून द्या. दूध डेअरीवर पोहोचवा, गोळ्या आणून द्या, मुलांचा एक तास अभ्यास घ्या. “काही लागलं तर सांग” असं म्हणाल तर कुणी काही सांगत नाही. “मंगळवारी दुपारी दोन ते चार मी बसते, तू झोप” असं म्हणाल तर ती खरंच झोपेल.

पेशंटचा फोटो स्टेटसला ठेवू नका. काढ्याचे मेसेज पाठवू नका. आणि ग्रामसभेला गेलात तर एक प्रश्न जरूर विचारा. आपल्या गावात अंथरुणावर असलेली माणसं किती आहेत, त्यांची यादी आहे का, आणि त्यांच्या घरी महिन्यातून एकदा तरी नर्स जाते का? केरळमध्येही कामाची सुरुवात अशीच झाली होती. कुठल्या घरी कोण अंथरुणावर आहे, हे आधी शेजाऱ्यांनी शोधलं.